आंबोलीत दोन रात्री, सोबत आई आणि मुलं: कमी पैशात कुठं राहायचं, कुठं जेवायचं?

फोंड्याचो_बाबू
नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटाला, श्रावण लागायच्या आत दोन रात्री आंबोलीला जायचं म्हणतोय. मी, बायको, दोन मुलं आणि आई. आईचे गुडघे दुखतात, पायऱ्या जमत नाहीत. रूमला दिवसाला दोन हजाराच्या वर जायचं नाही. मागच्या खेपेला फोटो बघून एक रूम घेतली, दरीकडं खिडकी म्हणून पाचशे जास्त मोजले आणि दोन दिवस खिडकीतून नुसतं पांढरं दिसलं, गादी तर अशी की बसलं की चड्डी ओली. हॉटेलचं नाव घेत नाही, पण यंदा तसं नको. जेवणाचंही सांगा.

साखळीकर
जुलैत आंबोलीत व्ह्यूला पैसे देणं म्हणजे धुकं विकत घेणं रे बाबा 😀 वर्षाला 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं, तेव्हा रूम बघायची ती कोरडी आहे का एवढंच बघून. माझं सांगतो, फोनवर काही ठरवायचं नाही, गावात पोचायचं, दोनतीन ठिकाणी आत जाऊन गादीवर हात फिरवायचा, उशीचा वास घ्यायचा, कपाट उघडून बघायचं, भिंतीला बुरशी दिसली की पुढं चालायचं. लाइट गेल्यावर गीझर आणि पंखा चालतो का ते विचारा, कारण वारा सुटला की तिथं लाइट जातेच. पण हे सोमवार ते गुरुवारच जमतं हं, शनिवार-रविवारी बेळगाव, कोल्हापूर आणि आपले गोवेकर सगळे तिथंच असतात, भाव दुप्पट सांगतात आणि घासाघीस करायला गेलं की रूम दुसऱ्यालाच देतात.
आई आहेत तर बाजारातच, स्टँडच्या जवळ, तळमजल्याची रूम घ्या. खानावळी चालत जाण्यासारख्या. पावसात रात्री जेवायला गाडी काढायची नको.

पेडण्याची_पोर
मी उलटं सांगीन, आंबोलीजवळच्या चौकुळ गावाला जा. गावातल्या लोकांनी घरातच राहायची सोय केलीय, चूल असते, आंघोळीला बंबातलं कढत पाणी आणि सकाळी घावणे-चटणी. जेवण तिथलंच, पण सकाळीच सांगून ठेवायला पाहिजे, गावठी कोंबडी हवी असेल तर नक्कीच, ती आयत्या वेळी होत नाही. कोंबडी-वडे खाऊन माझा नवरा अजून गोष्टी सांगतो. मात्र नेटवर्कचा भरवसा नाही, रोख पैसे ठेवा.

फोंड्याचो_बाबू
चौकुळ मुलांना आवडेल, पण आईला टॉयलेट बाहेर असलं तर रात्री पंचाईत. आणि मासे मिळतात का वर?

पेडण्याची_पोर
फोन करून विचारा, काही घरांत खोलीलाच जोडून आहे, काहींत नाही.

साखळीकर
गोव्यातून डोंगरावर जाऊन मासे कशाला खायचे म्हणतो मी, त्यात जुलैत मासेमारी बंद. वर उसळ, तांदळाची भाकरी, सोलकढी, नाहीतर चिकन घ्या. धबधब्याजवळच्या टपऱ्यांवर कांदाभजी आणि चहा, बस्स, तिथं पोटभर जेवायला बसू नका, माशा आणि माकडं दोन्ही.

म्हापशेकर_जुना
दोघांनी नाक्याचं सांगितलंच नाही. गोव्यातली बाटली गाडीत ठेवू नका, बांद्याजवळ इन्सुलीला एक्साइजवाले गाड्या तपासतात, मुलांसमोर डिकी उघडायला लावतील. पेट्रोल मात्र गोव्यातच फुल करा, पलीकडं महाग.
आणि धबधबा गावाच्या आधी घाटातच लागतो, सावंतवाडीकडून येताना. रविवारी तिथं गाड्यांची अशी रांग लागते की आई गाडीतच बसून कंटाळेल, त्यापेक्षा सकाळी आठच्या आत उरकून घ्या. हिरण्यकेशीच्या देवळाला मात्र आईंना नक्की न्या, नदी गुहेतूनच उगम पावते. पण शेवटी थोडं चालावं लागतं, ओली वाट, काठी घ्या. जळवा असतात, मीठ किंवा तंबाखूची पूड जवळ ठेवा. कावळेसादला, दरीच्या कड्यावर, मुलांचा हात सोडू नका, वारा एवढा की दरीत पडणारं पाणी उलटं अंगावर येतं.

फोंड्याचो_बाबू
देव बरें करूं सगळ्यांचं. मंगळवार-बुधवार करतो, बाजारात तळमजला, आणि एक दुपार चौकुळला फक्त जेवायला, सकाळी सांगून. बाटलीचं भावाला सांगतो, तो मागून बाइकवर येतोय.