जुनी टाटा २०६ पिकअप: भंगारात द्यावी की रस्त्यावर आणावी?

काटोलचा_संत्रा
आमच्या शेतातल्या शेडमध्ये काकांची टाटामोबाईल २०६ उभी आहे. आंबिया बहाराची संत्री याच गाडीतून नागपूरला कळमना मार्केटला जायची. काका गेले, गाडी तशीच राहिली. आता घरात दोन तट पडलेत. चुलतभाऊ म्हणतो, भंगारवाल्याला बोलाव. माझं मत उलट आहे, आणि ते केवळ आठवणींपायी नाही. चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, शाबूत असेल तर अशी गाडी दुरुस्त करून कामाला लावावी. शोपीस करायला मात्र माझाही विरोध आहे. २०६ आली १९८८ साली. त्याच पायावर १९९१ ला टाटाची सिएरा उभी राहिली, आणि तेच १९४८ सीसीचं डिझेल इंजिन सुरुवातीच्या सुमोतही बसलं. म्हणजे इंजिनाचं सामान सुमोच्या नावानं अजून मागता येतं. मग फेकायची कशाला? विरोधी मतं येऊ द्या.

वाडी_ट्रान्सपोर्ट
मी विरोधात. माल वाहायचा तर हिशोब लावा. भर सीझनमध्ये गाडी बसली तर संत्री थांबणार आहेत का? मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी पासिंग (फिटनेस तपासणी), आणि १५ वर्षांवरच्या गाड्यांची फी १ एप्रिल २०२२ पासून सणसणीत वाढली आहे. त्यापेक्षा नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी जमा केल्याचा दाखला) घ्या. त्यावर नवी मालवाहू गाडी घेताना रोड टॅक्समध्ये १५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद आहे. हे धोरण आपल्याच नागपूरच्या खासदारांच्या खात्याचं, निदान आपण तरी फायदा घ्या!

झिरोमाईल_७७
डिझेल गाडी दहा वर्षांनंतर चालवायला बंदीच आहे ना? चर्चा कशावर चालली आहे? फार तर विंटेजमध्ये नोंदवून टाका.

काटोलचा_संत्रा
दहा वर्षांची भानगड दिल्ली-एनसीआरची. नागपुरात फिटनेस, पीयूसी आणि विमा असेल तर वय आडवं येत नाही. विंटेजला ५० वर्षं पूर्ण लागतात, व्यावसायिक गाड्या त्यात बसत नाहीत, आणि तशी नोंद झालेली गाडी रोज रस्त्यावर काढताही येत नाही. मग कळमन्याला संत्री काय डोक्यावर न्यायची?

पाना_पक्कड
राजेहो, गाडी न पाहता निकाल कायले देता? पहिले चेसिस पाहा. मागच्या पाट्याचे (स्प्रिंगचे) हँगर अन् केबिनचे माउंटिंग, इथं चिखल साचून राहते. हातोडीनं ठोकून पाहाचं. खणखण वाजलं तं गाडी तुमची, भद्द वाजलं तं भंगारवाल्याची. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही, म्हणून चेसिस टिकते. आपल्याकडे घात करते ते ऊन. मे महिन्यातल्या ४५ डिग्रीत रबर मरते. होज, बुश, काचेचं बीडिंग, ब्रेकचे कप, सगळं नवं घ्या, तिथं कंजुसी नोका करू.

अन् उभ्या गाडीले सेल्फ मारू नोका! हीटर प्लग काढा, भोकातून थोडं ऑइल-डिझेल सोडा, मुरू द्या, मंग क्रँक पुलीले पाना लावून हातानं फिरवा. फिरलं तं अर्धी लढाई जिंकली. टाकी उतरवून जुनं डिझेल फेका. टाकीतला गंज इंजिनाच्या फ्युएल पंपात गेला तं नोझलही कामातून गेले, अन् पंप दुरुस्त करणाऱ्याचं बिल पाहून इंजिनकाम सस्तं वाटते.

खरा पैसा पत्र्यात जाते. पुट्टीचे थर देऊन डेंटर चार दिवसांत गाडी गुळगुळीत करून देईन, पन एका पावसाळ्यात फुगे येतीन. सडलेला पत्रा कापा, नवा वेल्ड करा, रेडऑक्साइड मारा, मंग प्रायमर. रंग पावसाळ्यात नोका मारू, दमट हवेनं पांढरट झाक येते. मी दुरुस्तीच्या बाजूनं. पन दरवाजे अन् पुढचं शो-सामान सुमोचं बसत नाही, ते शोधत फिरा लागन, हे आताच सांगून ठेवतो.

धूर_नको_बा
धुराचं कोणीच बोलत नाही. डिझेल गाड्यांना प्रदूषणाचे निकष आपल्याकडे लागले १९९२ ला, आणि आता बीएस-६. तुमची गाडी त्याआधीची असेल तर कारखान्यातून निघाली तेव्हाच तिला कोणी विचारलेलं नव्हतं. पीयूसीत फक्त धुराचा काळेपणा मोजतात, जुन्या डिझेल गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज (हे काळेपणाचं माप). ती पार केली म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही. ‘नवी गाडी बनवतानाही प्रदूषण होतं’ हे उत्तर देऊ नका, तो कारखाना कळमन्याच्या हमालांच्या तोंडाशी उभा नसतो.

काटोलचा_संत्रा
मुद्दा मान्य. पण ही गाडी रोजच्या फेऱ्यांना नाही, बहार निघाला की तेवढ्यापुरती. नोझल आणि पंप नीट कॅलिब्रेट केले तर धूर पुष्कळ कमी होतो.

धूर_नको_बा
कमी होतो. बीएस-६ होत नाही.

महालची_गल्ली
तुम्ही दोघं भांडा. माझा आक्षेप ‘शोपीस नको’ याला आहे. या गाड्या आता दिसतात तरी कुठे? मूळ रंग, मूळ डॅशबोर्ड, मूळ हौदा ठेवूनच करा. इंजिन नवं टाकायचा मोह झाला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा, परवानगीशिवाय असे बदल चालत नाहीत.

पाना_पक्कड
हौद्यात संत्र्याचे क्रेट टाकणार असान तं मूळ रंग हप्ताभर टिकन. हौद्याले खाली जाड पत्रा मारा अन् मोकळे व्हा.

शेड_माझंही_आहे
मीच तो चुलतभाऊ. दादाने इथे निम्मंच लिहिलं. शेडमध्ये मला फवारणीचा ब्लोअर ठेवायचा आहे, आणि दुरुस्तीचा खर्च सामायिक खात्यातून करायचं चाललंय, त्याला माझा विरोध आहे. शिवाय आरसी अजून बाबांच्याच नावावर आहे. दादा पासिंगला जाणार कोणाच्या नावानं?

वाडी_ट्रान्सपोर्ट
घ्या! मालक वारले की तीन महिन्यांत वारसाने फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते. आणि ऐका धाकटे, तुमचंही भंगार अडलं. स्क्रॅपिंग केंद्रसुद्धा मृत्यू दाखला आणि वारसाचे कागद मागणार.

शेड_माझंही_आहे
म्हणजे आरटीओत दोघांनाही जावं लागेल?

काटोलचा_संत्रा
सोमवारी ये. पेट्रोल तुझं.