काटकसर नेमकी कोणत्या खर्चात?

कुटुंब जसे अंथरूण पाहून पाय पसरते, तसाच सरकारनेही मंदीत खर्च कापावा, हे मत मला पटत नाही, कारण सरकारचा खर्च हीच कोणाची तरी मिळकत असते आणि ती आटली की कराचे उत्पन्नही आटते. ग्रीसने २०१० नंतर पगार आणि निवृत्तिवेतने कापली. अर्थव्यवस्था सुमारे एक चतुर्थांशाने आक्रसली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली आणि ज्या कर्जापायी हे सोसले त्याचे राष्ट्रीय उत्पन्नाशी असलेले प्रमाण उलट वाढले.

याचा अर्थ हात सैल सोडावा असा नव्हे. विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांनी आग्रहाने मांडलेल्या आणि १९७२च्या दुष्काळात गावोगाव पोहोचलेल्या रोजगार हमी योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला. बहुतेक पगारपत्रकांवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची कपात दिसते, ती हीच. त्या पैशातून पाझर तलाव झाले, बांधबंदिस्ती झाली. हजेरीपटावर अंगठा उमटवून मजुरी घेणारी बाई आठवडी बाजारात ज्वारी, तेल, मीठ घेई आणि दुष्काळातही गावच्या दुकानदाराचा गल्ला हलता राही. खोटे हजेरीपटही भरले गेले, हे मी नाकारत नाही, पण त्यावर कडक तपासणी हवी, मजुरीला कात्री नको. म्हणून काटकसरीचा आग्रह धरणाऱ्यांनी आधी हे स्पष्ट करावे, की त्यांची कात्री पहिल्यांदा कोणत्या खर्चावर चालणार आहे?