चित्राशेजारचा तो कागद हवाच कशाला?

रंगरेषा

हल्ली कुठल्याही चित्रप्रदर्शनात शिरलं की चित्राआधी कागद भेटतो. दारातच लावलेलं चित्रकाराचं निवेदन. आधी बालपण, गाव, नदी, आजी. मग 'अस्तित्वाचा शोध' आणि शेवटी 'अंतर्मनाचा प्रवास'. लोक तो वाचतात, मान डोलावतात आणि मग कागदावर जे वाचलं तेवढंच भिंतीवर शोधत फिरतात. माझं स्पष्ट मत आहे की हा कागद काढून टाकावा. आपली प्रेरणा काय, पार्श्वभूमी काय, हे चित्रकाराने निदान चित्रासमोर तरी सांगू नये.

अमूर्त चित्रं करणारे वासुदेव गायतोंडे बहुतेक चित्रांना नावसुद्धा देत नसत. १९७२ नंतर दिल्लीत राहिले, निजामुद्दीनला एकट्याने, आणि वर्षाला अगदी मोजकी चित्रं केली. रोलरने रंगाचा थर द्यायचा, सुरीने खरवडायचा, कागद दाबून रंग उचलायचा, पुन्हा थर. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यांना जाऊन १३ वर्षं झाली होती. चित्रं समजावून सांगायला ते नव्हते. तरी लोक त्या चित्रांपुढे थांबलेच.

उलट चित्रकार सय्यद हैदर रझांचं बघा. मध्य प्रदेशातल्या मंडला भागात लहानपण गेलं. मुलाचं लक्ष सैरभैर होतं म्हणून शिक्षकांनी भिंतीवर ठिपका काढून त्याच्याकडे बघत बसायला लावलं, ही गोष्ट रझांनी स्वतः सांगितली. ती इतकी पसरली की रझा म्हणजे पुढे त्यांच्या चित्रांत आलेला बिंदू, एवढंच उरलं. फ्रान्समध्ये १९५० नंतर केलेली त्यांची निसर्गचित्रं, जाड रंगात उभी राहिलेली घरं, पेटल्यासारखे लाल-काळे पट्टे, यांच्याबद्दल किती जण बोलतात? बिंदू ठळकपणे आला तो १९७० च्या दशकाच्या अखेरीला. म्हणजे त्याआधीची जवळजवळ तीस वर्षांची चित्रकारी त्या एका गोष्टीच्या मागे दडली.

फळा_खडू

रंगरेषा, मी कोल्हापूरकडच्या एका माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. तुम्ही बोलताय ते चित्रं बघायची सवय लागलेल्या माणसाबद्दल. माझ्या वर्गातल्या मुलांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षेपुरता रंग हातात घेतलेला असतो. स्थिरचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. खरं पेंटिंग त्यांनी पुस्तकात छापलेलं पाहिलंय, तेही पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्यांच्यासमोर रझांचं चित्र ठेवलं की ती काही बोलत नाहीत; चूक होईल म्हणून घाबरतात. शिक्षक आणि ठिपक्याची गोष्ट सांगितली की हात वर होतात. 'बाई, मग तो काळाच का?' 'भोवती चौकोन कशाला?' बघणं तिथून सुरू होतं. पुढे फ्रान्समधली चित्रं दाखवायची जबाबदारी माझी, रझांची नव्हे.

आणि गायतोंड्यांचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ते कमी बोलले, म्हणून त्यांच्याबद्दल बोलणं थांबलं का? त्या प्रदर्शनासोबत जाडजूड ग्रंथ निघाला. झेन, रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज, एकांतवास हे सगळं त्यांच्या प्रत्येक चित्राला आता चिकटलेलंच असतं. चित्रकार गप्प बसला की त्याची गोष्ट दुसरे सांगतात आणि बहुतेकदा ती जास्त गूढ करून सांगतात. त्यापेक्षा ज्याच्या हातून चित्र झालं त्यानेच चार ओळी लिहिलेल्या काय वाईट?

शनिवारवाडी

रंगरेषांना पूर्ण पाठिंबा. मुंबईच्या जहांगीर कलादालनात चित्रकार आठवडाभर आपल्याच चित्रांपाशी बसलेला असतो आणि दर दहा मिनिटांनी कोणीतरी येऊन 'याचा अर्थ काय?' विचारतं. गाणं ऐकून कोणी गायकाला यमनचा अर्थ विचारत नाही. आपल्याकडे कान तयार करायची परंपरा आहे, डोळा तयार करायची नाही, आणि हे कागद त्या आळसाला खतपाणी घालतात.

डहाणूकर

ही चर्चा वाचताना एक गोष्ट सतत खटकतेय. 'चित्रकाराने बोलू नये' हे कोणत्या चित्रकाराला सांगायचं? ज्याला बोलायची संधी आधीच मिळालेली आहे, त्याला.

आमच्याकडे वारली घरांत लग्नाचा चौक लिहितात. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, बांबूच्या काडीने. मध्ये पालघाट देवी. हे काम सुवासिनींचं. पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी चौक लिहिले. त्यांतल्या किती जणींची नावं आपल्याला माहीत आहेत? १९७० च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद आणि रंग घेऊन इकडच्या पाड्यांवर आले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी विधीपलीकडचं, रोजचं चित्र काढायला घेतलं. मासेमारीचं जाळं, मुंग्यांची रांग, भाताची कापणी. १९८९ साली पॅरिसच्या एका मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती. २००३ मध्ये जर्मनीत रिचर्ड लाँग या इंग्रज कलावंताच्या बरोबरीने त्यांचं काम मांडलं गेलं. २०११ मध्ये पद्मश्री.

लहानपणी आई गेल्यावर बोलणं बंद झालं आणि धुळीत रेघा ओढून मनातलं सांगू लागलो, ही त्यांची आठवण. ती कळल्यावर मशे 'एक आदिवासी कलाकार' राहत नाहीत, जिव्या सोमा मशे होतात. आजही हस्तकला मेळ्यात बघा, वारली चित्राखाली लिहिलेलं असतं: 'आदिवासी लोककला, महाराष्ट्र'. काढणाऱ्याचं नावच नाही, मग त्याचा विचार काय होता हे कोण विचारणार? जहांगीरमधला कागद काढायचा तर खुशाल काढा. आमच्या मुलामुलींच्या चित्राशेजारी मात्र तो लागायलाच हवा, नावासकट, गावासकट, आणि हे चित्र का काढलं यासकट.

रंगरेषा

डहाणूकर, नाव आणि गाव हवंच, त्याबद्दल वाद नाही. नावाशिवाय चित्र लावणं हा अन्याय आहे. माझा आक्षेप कारण सांगण्याला आहे.

चित्रकार तय्यब मेहतांचं उदाहरण घ्या. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी खिडकीतून पाहिलं. भयंकर अनुभव, आणि तो त्यांनी मुलाखतींत सांगितला. पण त्याचा परिणाम असा झाला की त्यांची कोसळती आकृती पाहिली की प्रत्येक जण फाळणी म्हणतो आणि पुढे सरकतो. रंग पाहत नाही. आकृती कुठे तुटलीय, ते पाहत नाही. वेदनेची गोष्ट एकदा कळली की चित्राला प्रश्न विचारणं अशिष्ट वाटू लागतं, आणि मला याचंच सर्वांत जास्त वाईट वाटतं.

एनॅमल

मी चित्रकार आहे, रंगरेषांच्या वयाचा असेन. तय्यबांचं उदाहरण अर्धंच दिलंत.

ते १९६८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. बार्नेट न्यूमन या अमेरिकन अमूर्त चित्रकाराची चित्रं त्यांनी तिथे प्रत्यक्ष पाहिली, आणि त्यानंतर त्यांचा जाड, खरखरीत रंग सपाट झाला. मग चित्राला चिरत जाणारा तिरका पट्टा आला. हेही त्यांनी स्वतःच सांगितलंय! दंगल आणि न्यूमन, दोन्ही त्यांच्याच तोंडून आलेलं. लोकांनी पहिलं लक्षात ठेवलं आणि दुसरं विसरले, यात तय्यबांचा काय दोष? तुम्ही म्हणता तसं रंगाकडे बघायचं असेल तर त्याची वाटही चित्रकाराच्या बोलण्यातूनच मिळते.

चित्रकार प्रभाकर बरवे आठवा. अलिबागजवळच्या नागावचे. बनारसला आणि मग मुंबईत विणकर सेवा केंद्रात नोकरी, घरी एनॅमलचा रंग. घड्याळ, पान, शिंपला असल्या साध्या वस्तू कॅनव्हासवर दूरदूर ठेवलेल्या. हा माणूस वर्षानुवर्षं डायऱ्या लिहीत होता, आणि १९९० मध्ये 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. दोन वस्तूंमधल्या रिकाम्या जागेत काय घडतं, आकार वस्तूपासून सुटतो कधी, असल्या गोष्टींवर. ते वाचलेला माणूस बरव्यांच्या चित्रापुढे जास्त वेळ उभा राहतो. माझा स्वतःचा अनुभव तोच, आणि बरव्यांशिवाय मी या वाटेला आलोच नसतो.

दारावरचा तो 'अंतर्मनाचा प्रवास' मलाही नको आहे. तो बहुतेकदा चित्रकाराचा नसतोच, कॅटलॉगसाठी कोणाकडून तरी लिहून घेतलेला असतो, तोही आधी इंग्रजीत. पण चित्रकाराने तोंड उघडूच नये, हे मला मान्य नाही.

फळा_खडू

एनॅमल, यात चित्रकार सुधीर पटवर्धनांची भर घालते. ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षं व्यवसाय केला, २००५ पर्यंत. हे कळल्यावर त्यांच्या चित्रांतली माणसं, त्यांचे खांदे, पाठीचा बाक, लोकलमधून दिसणारं उपनगर, सगळं वेगळं दिसतं की नाही? ही गोष्ट आतड्याला हात घालणारी नाही, साध्या पेशाची आहे. तरी केवढी उपयोगी पडते.

रंगरेषा

पडते. तरीही मी म्हणेन, आधी ते खांदे दिसू द्या, मग डॉक्टर सांगा. बरव्यांचं पुस्तकही माणूस घरी वाचतो, चित्रासमोर नाही. माझा मुद्दा क्रमाचा आहे, आणि तो मी सोडत नाही. कागद दारातून काढा आणि बाहेर पडायच्या वाटेवर लावा. मराठीत, एका पानात. ज्याला वाचायचं असेल तो वाचून परत आत जाईल.

डहाणूकर

आमचा मात्र दारातच राहू द्या. बाहेरच्या वाटेपर्यंत पोचलेला माणूस 'छान डिझाइन आहे' म्हणून निघून गेलेला असतो.