शब्दचर्चा: 'रूम करेक्शन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: एव्ही रिसीव्हरच्या (टीव्हीचा आवाज स्पीकरांना पुरवणाऱ्या यंत्राच्या) माहितीत 'डिजिटल रूम करेक्शन' असतं. त्याला 'खोली-दुरुस्ती' म्हटलं तर चालेल का?

उत्तर: 'दुरुस्ती' नको. मुंबईत खोलीची दुरुस्ती म्हणजे गळती आणि प्लास्टर. शिवाय या तंत्रात खोलीला हातही लागत नाही. भिंती, लाद्या, काचेची सरकती खिडकी सगळं जागच्या जागी राहतं. बदलतो तो स्पीकरकडे जाणारा सिग्नल.

आपल्याकडचा १० बाय १५ फुटांचा हॉल घ्या. १० फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्‌झचा आवाज घुमतो. बास गिटारची ए तार ५५ हर्ट्‌झची, म्हणजे नेमकी तिथेच. तो एक स्वर फुगतो, शेजारचे स्वर बरे वाजतात. सोफ्यावर कानाच्या उंचीवर माइक ठेवायचा, पंखा बंद करायचा, मग एकेक स्पीकर 'हूऽऽप' करत खालून वर जातो. रिसीव्हर ते ऐकतो आणि फुगलेला स्वर तेवढाच दाबतो.

म्हणून माझी पसंती 'ध्वनिजुळवणी'ला. आपण तानपुरा जुळवतो तेव्हा तो बिघडलेला असतो असं नाही. यामाहाने तर वायपीएओ या आपल्या अशाच तंत्राच्या पूर्ण नावात 'करेक्शन' शब्द घेतलेलाच नाही, 'ऑप्टिमायझर' घेतला आहे.

जुळवणीच्या तऱ्हा मात्र वेगळ्या. डेनॉन, मॅरँट्झच्या रिसीव्हरमधली ऑडिसी ही जुळवणी कमी कष्टात बरंच काम करते. पण मूळ स्वरूपात २ किलोहर्ट्‌झच्या आसपास मुद्दाम थोडा उतार देते, आणि मला तिथे गायकाचा आवाज मागे गेल्यासारखा वाटतो. पैसे भरून घेतलेल्या ॲपमधून तो उतार काढता येतो. स्वीडनचं डिराक लाइव्ह हे सॉफ्टवेअर आवाजाच्या पातळीबरोबर त्याची वेळही जुळवतं आणि कोणता स्वर किती जोरात वाजावा याचा हवा तो आलेख (टार्गेट कर्व्ह) स्वतः आखू देतं. लहान हॉलसाठी मी डिराकच घेईन, तेही फक्त खालच्या स्वरांपुरतं. वरचे स्वर स्पीकरचे स्वतःचे राहू द्यावेत.

प्रतिसाद: 'जुळवणी' पटलं. पण 'पीक' आणि 'नल' यांना काय म्हणायचं?

उत्तर: 'फुगवटा' आणि 'खड्डा'. फुगवटा दाबता येतो, खड्डा भरता येत नाही. भिंतीवरून उलटून आलेली लाट मूळ लाटेला खोडते, म्हणून तिथे जोर वाढवला की खोडणारी लाटही तितकीच वाढते आणि ॲम्प्लिफायर उगाच दमतो. सोफा मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे ओढून पाहा, निदान वेगळा आलेख मिळेल.

डिराकच्या 'ॲक्टिव्ह रूम ट्रीटमेंट'मध्ये बाकीचे स्पीकर मिळून खोलीतलं घुमणं विझवतात. तिथे 'जुळवणी' अपुरी पडते, 'निनादशमन' म्हणावं. 'टार्गेट कर्व्ह'साठी मला अजून 'अपेक्षित आलेख'च सुचतो. याहून सुटसुटीत शब्द असेल तर जरूर सांगा.