पोलिसांविरुद्ध तक्रार केली होती का कधी? पुढे काय झालं ते लिहा

सांजवात
सकाळपासून बाबांचं कपाट आवरतेय. पासबुकांच्या खाली प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद सापडला. कार्बन कॉपी, बाबांचं अक्षर, कोपऱ्यात जांभळा गोल शिक्का, आवक क्रमांक आणि कुणाची तरी गिचमिड सही. एसपी ऑफिसची पोच, २००९ ची. खालीच बसले मी.

दादा १९ वर्षांचा होता. विसर्जन मिरवणुकीत मारामारी झाली, हा कडेला उभा होता तर उचलून नेला. रात्रभर बसवून ठेवला, डायरीत नोंद नाही, घरी निरोप नाही, आणि एका हवालदाराने कानाखाली अशी मारली की आठवडाभर डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. सकाळी सोडून दिला. आई म्हणाली जाऊ दे, आपल्याला इथेच राहायचंय. बाबा शाळामास्तर, त्यांनी आधी सरकारी दवाखान्यात कान दाखवून कागद घेतला आणि मग अर्ज लिहायला बसले. दीड वर्ष हेलपाटे घातले. शेवटी दोन ओळींचं पत्र आलं, संबंधित कर्मचाऱ्याची एक वार्षिक वेतनवाढ रोखण्यात आली आहे. ते पत्र मांडीवर घेऊन बाबा ओट्यावर बसून राहिले, दिवेलागण झाली तरी उठले नाहीत. दादा आजही त्या रस्त्याने जात नाही.

तुमच्याकडे काय झालं? ज्यांना तक्रार करताच आली नाही त्यांनीही लिहा.

रानवाट
वाचून गलबललं. आमचं त्यामानाने छोटं. बसमध्ये मोबाईल मारला, ठाण्यात गेले तर चोरी लिहायलाच तयार नाहीत, 'गहाळ' लिहून द्या म्हणे. मी दिलं लिहून, घाईत होते. नंतर कळलं की गहाळ म्हटलं की गुन्हाच दाखल होत नाही, तपास कसला होणार.

वकिलीण_बाई
@रानवाट हे रोजचं आहे. ललिता कुमारी निकाल आहे सुप्रीम कोर्टाचा, नोव्हेंबर २०१३, दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो. नाही घेतला तर तीच तक्रार लेखी करून पोस्टाने एसपींना पाठवायची, शहरात असाल तर आयुक्तालयात, आधी सीआरपीसीचं कलम १५४(३) होतं आता १ जुलै २०२४ पासून बीएनएसएसचं, म्हणजे नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं, १७३(४), आणि तिथेही काही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे १७५(३) चा अर्ज. हद्द आमची नाही हे कारणही चालत नाही, झिरो नंबरने घ्यायचं असतं, म्हणजे इथे नोंदवून योग्य ठाण्याला पाठवायचं. सांजवात, तुमच्या बाबांनी आधी मेडिकल केलं ना, तिथेच अर्धी लढाई जिंकली होती. लोक चार दिवसांनी येतात, तोवर वळ गेलेले असतात.

जुनी_पेटी
कार्बन पेपर!! आमचे आजोबा पण प्रत्येक अर्ज कार्बन घालून लिहायचे, निळी बोटं घेऊनच जेवायला बसायचे. सॉरी विषय सोडून लिहिलं, पण ते वाचून आजोबाच समोर आले.

लाईनीतली_पोर
दुसरी बाजू लिहू का, रागावू नका. माझे वडील हवालदार होते, मी पोलीस लाईनीत वाढले. बंदोबस्ताला सोळा सोळा तास उभे, घरी आले की बूट काढताना पाय सुजलेले दिसायचे. त्यांच्यावर एकाने पैसे मागितल्याची तक्रार केली, डीई लागली, म्हणजे विभागीय चौकशी. तीन वर्षं चालली, प्रमोशन अडकलं, आईने लग्नातल्या बांगड्या मोडल्या. तक्रारदार चौकशीला एकदाच आला, नंतर फिरकला नाही. शेवटी दोषमुक्त. पण तुमच्या दादाचं वाचून एक सांगते, असं मारणाऱ्यांना माझे वडीलच सगळ्यात जास्त शिव्या द्यायचे, म्हणायचे यांच्यामुळे आपल्या वर्दीकडे लोक तसे बघतात.

सांजवात
@लाईनीतली_पोर रागावू कशाला, बरं झालं लिहिलंत. चौकशी लवकर झाली असती तर तुमचे वडीलही सुटले असते आणि माझे पण.

केळफूल
आईला (वय ६७) शेजारच्यांच्या भांडणात साक्षीदार म्हणून रात्री आठला फोन, ताबडतोब ठाण्यात या जबाबाला. ती साडी बदलायला पण लागली. मी फोन घेतला आणि म्हटलं साहेब, बाईमाणसाला आणि साठीच्या वरच्यांना साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, घरी यावं लागतं. पलीकडे जरा शांतता. दुसऱ्या दिवशी लेडीज कॉन्स्टेबल आल्या, ओसरीवर बसून जबाब लिहिला, आईला वाचून दाखवला, चहा घेऊन गेल्या. इतकं साधं असतं हो. माहिती नसतं म्हणून आपण घाबरतो.

मुक्काम
सीसीटीव्ही मागून बघा. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे लावा आणि फुटेज शक्यतो १८ महिने ठेवा असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० ला सांगितलंय. मी माहिती अधिकारात मागितलं तर उत्तर आलं कॅमेरा नादुरुस्त. मग कधीपासून नादुरुस्त, दुरुस्तीसाठी पत्र कधी दिलं, त्याची जावक नोंद द्या असा दुसरा अर्ज टाकला. तीन दिवसांत पीआयनी स्वतः फोन करून बोलावून घेतलं आणि माझी एफआयआर घेतली.

खडीसाखर
@मुक्काम ठाण्यात आपण मोबाईलवर रेकॉर्डिंग केलं तर चालतं का? मला 'केस टाकीन' म्हणून दम दिला होता.

वकिलीण_बाई
नागपूर खंडपीठाचा २०२२ चा निकाल आहे, पोलीस ठाणं हे ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टमधलं (सरकारी गुपितांचा कायदा) प्रतिबंधित ठिकाण नाही. त्या कायद्याखाली गुन्हा टिकला नाही. तरी बाकी कलमं लावतात, सांभाळून.

भाऊसाहेबांची_पुतणी
आमच्या काकांना दोन रात्री अटक न दाखवता ठेवलं होतं. डी. के. बसू निकाल १९९६ चा, अटकेचा पंचनामा करा, वेळ लिहा, नातेवाइकाला कळवा, यातलं काहीच नाही. भरपाईचा दावा लावायचं ठरवलं तर आधी सरकारला दिवाणी संहितेच्या कलम ८० ची नोटीस, दोन महिने थांबा, मग दावा, मग तारखा. काका चौथ्या वर्षी गेले. काकूंनी वारस म्हणून नाव लावलं, तेव्हा समोरचा वकील हळूच म्हणाला, 'आता कशाला ताणता.' काकू म्हणाल्या, 'ते दोन दिवस कुठे होते हे मला सरकारच्या कागदावर पाहिजे.' दावा चालू आहे अजून. थेट हायकोर्टात रिट करायला हवं होतं असं आता सगळे सांगतात. नीलाबती बेहेरा प्रकरणात १९९३ ला सुप्रीम कोर्टानेच दीड लाख द्यायला लावले होते, कोठडीत मुलगा गेलेल्या त्या आईला.

रानवाट
काकूंना नमस्कार सांगा.

गावकुसाबाहेर
राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे कुणी गेलंय का? अशी प्राधिकरणं नेमा सांगणारा सुप्रीम कोर्टाचा प्रकाश सिंह निकाल २००६ चा, आपल्याकडे कायद्यात तरतूद २०१४ ला आली. बेकायदा अटक, कोठडीतली गंभीर दुखापत, खंडणी असले विषय तिथे चालतात म्हणे. माझ्या मेव्हण्यासाठी विचारतोय. आणि अर्जाचा नमुना असेल कुणाकडे तर टाका प्लीज, त्याला 'महोदय' च्या पुढे सुचत नाहीये.

सांजवात
@गावकुसाबाहेर बाबांचाच टाकते, नावं झाकून. त्यांनी कुठेच 'अन्याय झाला' असं लिहिलेलं नाही, नुसती तारीख, वेळ, कुणी काय केलं, कुणी पाहिलं, आणि शेवटी 'पोच मिळावी ही विनंती'.
आत्ताच दादाला त्याचा फोटो पाठवला. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही अजून. कुकर झाला, येते जरा वेळाने.