बुरा की बुरशी? तुमच्या घरातले अनुभव सांगा

कपाटातून चामड्याचा पट्टा काढला, तर त्यावर राखेसारखं पांढुरकं काहीतरी बसलेलं. कोरड्या फडक्यानं पुसलं, गेलं. त्याच कपाटामागच्या भिंतीवरचे काळसर ठिपके मात्र तीनदा पुसले तरी महिन्याभरात परत हजर. पट्ट्यावरचा 'बुरा' आणि भिंतीवरची 'बुरशी' असं मी म्हणते खरी, पण ओळखायचं कशावरून? फसलेले अनुभव आधी लिहा, उपदेश नंतर.

———

माझी फसगत वेगळीच. भिंतीच्या तळाशी कापसासारखं पांढरं फुटलं होतं. बुरा समजून आठवडाभर ब्लीच मारत बसले. वाळलं की पुन्हा तसंच. शेवटी घरी आलेल्या गवंडीकाकांनी थोडं खरवडून त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर विरघळून गेलं! तो निघाला लोणा. ओल भिंतीतून वर चढताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणते, पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. बुरशी अशी पाण्यात विरघळत नाही.

———

नवीन रंग द्यायचा म्हणून जिप्सम बोर्डावरच्या डागांवर थेट प्रायमर मारला. काही आठवडे भिंत झकास. मग रंगाला फुगे आले. पोपडा उचलला तर खाली काळं, आणि बोर्डाचा कागद इतका मऊ की बोट आत गेलं. तेवढा तुकडा कापूनच काढावा लागला. बाथरूमच्या टाइल्सवरचा करडा थर मात्र ब्रशनं घासल्यावर गेला आणि खाली टाइल जशीच्या तशी. तेव्हापासून माझा निकष हाच: पुसल्यावर खालचं अंग शाबूत आहे का?

———

वनस्पतिरोगशास्त्र शिकलोय म्हणून राहवत नाही. शेतातली भुरी (पिकांच्या पानांवरची पांढरी बुरशी) वेगळी. तिला जिवंत झाडच लागतं, ती तुमच्या पडद्यावर येणार नाही. घरात ज्याला बुरा म्हणतो तीही बुरशीच, अजून वरवर पातळ पसरलेली. म्हणून वरच्या दादांचा निकष पटला, फक्त मी पुढे विचारेन की ती कशावर वाढलीय. काच, टाइल यांत तंतू शिरायला जागा नसते. लाकूड, पुठ्ठा, गादी यांत ते खोल जातात, आणि मग वरचं पुसून फक्त डोळ्यांचं समाधान होतं.

———

काळी दिसली की 'विषारी' असे घाबरवणारे फॉरवर्ड आमच्याकडेही फिरले. ज्या बुरशीला 'विषारी' म्हणतात ती स्टॅकीबोट्रिस काळपट असते, पण क्लॅडोस्पोरियम, आल्टर्नारिया, अ‍ॅस्परजिलस नायजर या दुसऱ्या बुरश्याही काळपटच. नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही. आम्ही हौसेनं नमुना तपासायला दिला. नाव कळलं, काम तेच राहिलं: गळती थांबवा, भिंत वाळवा. (घरात दम्याचं माणूस असेल तर रंग बघत बसू नका, लवकर हात घाला.)

———

ब्लीचचा थेंब टाकून मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. डाग उजळला तर बहुधा बुरशी, तसाच राहिला तर मळ. बुरा की बुरशी हे त्यातून कळत नाही. आणि माझ्यासारखा शहाणपणा करू नका: न धुता त्यावरच आम्लाचा टॉयलेट क्लीनर ओतला. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरले, खोकत बाहेर पळाले.

———

बेसिनभोवतीचा गुलाबी बुळबुळीत थर कुणाला भेटला का? तो बहुतेक वेळा बुरशी नसतोच, जिवाणू असतात. मी दोन वर्षं त्याला 'गुलाबी बुरशी' म्हणत होतो.

———

धागा काढणारीच पुन्हा. सगळं वाचून कपाट ओढलं. ते बाहेरच्या थंड भिंतीला अगदी चिकटून होतं, मागे वारा शिरायला जागाच नाही. आर्द्रतामापक खोलीच्या मध्ये ५८ टक्के दाखवत होता, कपाटामागे ७४. साठच्या खाली ठेवा म्हणतात. कपाट वीतभर पुढे आणलं, भिंत पुसली, पंखा लावून वाळवली. वरचे ठिपके तीन आठवड्यांत परत आलेले नाहीत. खालच्या कोपऱ्यात मात्र एक पुन्हा उमटलाय, आणि त्याच्या मागून पाण्याचा पाइप जातो. प्लंबरला बोलावलंय.