मदत हवी आहे: अडतिसाव्या वर्षी टेक्निकल कॉलेजातून नर्सिंग (विस्कॉन्सिन)

नमस्कार मंडळी,

मी मूळची सोलापूरची, शिक्षण बी.कॉम. सध्या मुक्काम मिलवॉकीजवळ. बरीच वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरी काढली. आता ग्रीनकार्ड आलंय, धाकटी शाळेत रुळलीय आणि मला नर्स व्हायचंय. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात त्यांचं अंग पुसणं, कूस बदलणं, औषधांच्या वेळा हे सगळं मी केलं. थकायचे, पण कंटाळा कधी आला नाही. तेव्हापासून हे मनात आहे.

विस्कॉन्सिनमध्ये 16 सरकारी टेक्निकल कॉलेजं आहेत. तिथे साधारण दोन वर्षांची असोसिएट डिग्री (एडीएन) करून एनक्लेक्स-आरएन ही आरएन (रजिस्टर्ड नर्स) होण्याची लायसन्स परीक्षा देता येते. चार वर्षांची बीएसएन (नर्सिंगची बॅचलर डिग्री) करणाऱ्यांनाही हीच परीक्षा आणि लायसन्सही तेच. फी युनिव्हर्सिटीपेक्षा पुष्कळ कमी. इथवर मला कळलंय.

अडतंय ते पुढे. सायन्स माझं दहावीलाच सुटलं. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी, मायक्रोबायोलॉजी झेपेल का? दोन वर्षांच्या डिग्रीवर हॉस्पिटलात नोकरी मिळते, की नर्सिंग होममध्येच राहावं लागतं? नवरा पूर्ण पाठीशी आहे, पण आई फोनवर म्हणते, "लोकांची घाण काढायला अमेरिकेला गेलीस का?" तिला काय उत्तर देऊ? कुणी या वाटेने गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद

मी एडीएनच केलं, शेजारच्या मिनेसोटात. आता आरएन आहे.

सगळ्यात आधी सीएनए (नर्सच्या हाताखालच्या मदतनिसाचा कोर्स) करा. केंद्र सरकारच्या नियमाने किमान 75 तासांचं प्रशिक्षण असतं, काही आठवड्यांत होतं. मग थोडे महिने नर्सिंग होममध्ये काम करा. घरच्या माणसाचं करणं वेगळं आणि एका पाळीत आठ-दहा परक्या म्हाताऱ्यांना उठवणं, भरवणं, स्वच्छ करणं वेगळं. तिथे मन रमलं तर पुढचं सगळं निभतं. नाही रमलं तर फार पैसे न घालवता कळतं.

सायन्सला घाबरू नका, पण अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी घ्याल त्या सत्रात दुसरा जड विषय घेऊ नका. पाठांतर प्रचंड आहे, रोज बसावं लागतं. औषधाच्या मात्रेची गणितं बी.कॉम.वालीला जड जाऊ नयेत. त्या परीक्षेत पासिंगची अट मात्र कडक असते.

प्रवेशाआधी दोन गोष्टी बघा: कोर्सला राज्याच्या बोर्डाची मान्यता आहे का आणि एसीईएनसारख्या संस्थेचं राष्ट्रीय अ‍ॅक्रेडिटेशन (दर्जाची मान्यता) आहे का. दुसरी नसेल तर पुढे बीएसएनला अडचण येऊ शकते. नोकरीचं म्हणाल तर एडीएनवर हॉस्पिटलात घेतात. मोठी, विशेषतः मॅग्नेट (उत्तम नर्सिंगसाठी मिळणारा) दर्जाची हॉस्पिटलं बीएसएनला झुकतं माप देतात. पण आरएन झाल्यावर नोकरी सांभाळून ऑनलाइन बीएसएन करता येतं आणि कित्येक हॉस्पिटलं फीचा काही भाग उचलतात. मी तसंच केलं.

क्लिनिकल (हॉस्पिटलातलं प्रत्यक्ष शिक्षण) असेल त्या दिवशी पहाटे घर सोडावं लागेल. मुलीला शाळेत कोण सोडणार, हे आत्ताच ठरवा. आमच्या वर्गातल्या हुशार मुली अभ्यासापेक्षा याच पायी गळाल्या.

आईंना सांगा, घाण काढतानाच पाठीवरचा पहिला लाल डाग दिसतो. तो वेळेवर दिसला नाही तर बेडसोर (अंथरुणाला खिळून होणारी जखम) होतो आणि त्यातून माणूस जातोसुद्धा. हे ओळखायला शिकावं लागतं.

धागाकर्ती

मनापासून आभार. डाग म्हणजे काय हे सासऱ्यांच्या वेळी पाहिलंय, आईलाही माहीत आहे. आजच सांगते तिला. सीएनएच्या पुढच्या बॅचला नाव घालतेय. एक शंका: बी.कॉम.च्या इंग्रजी वगैरे विषयांची क्रेडिट्स मिळतील का?

प्रतिसाद

मिळू शकतात, निर्णय कॉलेजचा. आधी मार्कशीटचं मूल्यांकन लागेल. ईसीई ही असं मूल्यांकन करणारी संस्था तुमच्या मिलवॉकीतच आहे, पण कॉलेज कोणाचं मूल्यांकन मानतं ते आधी विचारा. विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट यायला वेळ लागतो, सोलापुरात कुणाला तरी आत्ताच कामाला लावा.